पांढरी एकवर सा धरा, मग ऑर्केस्ट्रा ऐका

पत्र : "चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. वय ३१. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, तबल्यावर दादरा-केरव्यापुरता हात चालतो. थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, तेव्हा मोटर चालू करून मळ्यात बसावं लागतं. त्या वेळात मोबाइलवर बीथोव्हन, मोझार्ट लावून पाहिले. 'बेस्ट ऑफ क्लासिकल' अशी तीन तासांची यादीही दोनदा लावली. आवाज येईना म्हणून वाढवला, तर पुढच्याच मिनिटाला कानात धडाम्. ठेका सापडत नाही, सा सापडत नाही आणि अर्ध्या तासात झोप लागते. आमच्या अहिराणीत सांगायचं तर माले काहीच समजनं नही. तरी त्यात काहीतरी आहे असं वाटतं. कुठून सुरू करू? नोटेशन शिकावं लागेल का? महागडे हेडफोन लागतील का?"

नमस्कार भाऊ,

नोटेशन नको आणि महागडे हेडफोनही नकोत. तुमच्याकडे पेटी आहे आणि त्या पेटीवर सवयीची झालेली बोटं आहेत. हजारो रुपयांची यंत्रणा घेऊन बसलेल्या पुष्कळांकडे तेवढं भांडवल नसतं. आधी ती तीन तासांची यादी काढून टाका. अशा याद्यांत एका सिंफनीचा (ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या कृतीचा) मधला भाग, दुसऱ्या कुठल्या कृतीचा शेवट, तिसरीची सुरुवात असे तुकडे एकापुढे एक शिवलेले असतात. दहा मंडळांच्या भजनांतले फक्त गजर कापून सलग लावले तर ऐकणाऱ्याच्या हाती अभंग लागेल का? झोप लागली ते बरंच झालं म्हणायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सा सापडत नाही, कारण तो एका जागी नसतो. आपल्याकडे तंबोरा किंवा पेटीचा सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरलेला असतो आणि गाणं त्याच्याभोवती फिरतं. ऑर्केस्ट्रात, म्हणजे तिकडच्या मोठ्या वाद्यवृंदात, असा धरलेला सूर नाही. कृती एका सावर सुरू होते, मग तो सा सोडते, दुसऱ्याच स्वराला सा मानून काही वेळ तिथे राहते, तिसरीकडे जाते आणि घरी परतते. ही जा-ये हाच त्या संगीताचा मोठा भाग आहे. आपण रागाची बढत ऐकतो तशी बढत इथे शोधली तर निराशा होणार. इथे ओळखीची एक छोटी चाल कुठकुठे जाऊन आली, वाटेत तिचं काय झालं, हे ऐकायचं असतं. म्हणजे ती चाल आधी पाठ हवी. म्हणूनच वीस कृती एकेकदा ऐकण्यापेक्षा एक कृती पाच-सात वेळा ऐकणं जास्त उपयोगाचं.

घरचा सा कोणता, हे पुष्कळदा कृतीच्या नावातच लिहिलेलं असतं. नावात सी असेल तर पांढरी १, म्हणजे पेटीवरची पहिली पांढरी पट्टी. तिथून डी म्हणजे पांढरी २, ई ३, एफ ४, जी ५, ए ६, बी ७. 'फ्लॅट' लिहिलं असेल तर त्याच्या डावीकडची लगतची पट्टी, 'शार्प' असेल तर उजवीकडची. डी फ्लॅट म्हणजे काळी १, ई फ्लॅट म्हणजे काळी २. पुढे 'मेजर' असेल तर गंधार शुद्ध, 'मायनर' असेल तर कोमल. एवढं कळायला पेटीवर एक प्रयोग करा. पांढरी १ला सा धरून सा-ग-प तिन्ही पट्ट्या एकदम दाबून भाता चालवा. मग सा आणि प तसेच ठेवून फक्त मधलं बोट शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर आणा. खोलीतला दिवा बारीक केल्यासारखं वाटेल. ऑर्केस्ट्रातल्या सुख-दुःखाचा बराच कारभार त्या एका बोटाच्या सरकण्यावर चालतो.

ठेक्याचंही थोडं असंच आहे. टिंपनी नावाचे मोठे तांब्याचे ढोल मागे असतात, आपल्या नगाऱ्याचे नातलगच ते, पण ते सतत ठेका धरत नाहीत. जोर द्यायचा, गडगडाट करायचा, तेवढ्यापुरते बोलतात. लय सगळ्या वाद्यांत वाटलेली असते. सम-खाली शोधू नका. पायाने दोन, तीन किंवा चार मोजा, आणि मोजणी चुकली तर सोडून द्या.

याला अपवाद असलेली एक कृती आहे आणि तिथूनच तुम्ही सुरुवात करावी असं आमचं मत आहे. फ्रान्सच्या मॉरिस राव्हेलचा 'बोलेरो', १९२८ सालचा, साधारण १५ मिनिटांचा. यात एकच ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतो. वाजवतो साइड ड्रम, लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात अडकवलेला असतो तोच, इथे फक्त स्टँडवर. ठेका ६ मात्रांचा आहे, म्हणजे लांबी दादऱ्याएवढी, पण वजन वेगळं. बोलांत लिहायचा तर असा : ता-तकिट, ता-तकिट, ता-ता, ता-तकिट, ता-तकिट, तकिट-तकिट. सहा मात्रांत २४ ठोके. हा ठेका १६९ वेळा येतो. वाजवणाऱ्याला वाजवायला यापेक्षा सोपं काही नाही आणि टिकवायला यापेक्षा अवघड काही नाही, कारण लय वाढवायची नाही, फक्त आवाज वाढवायचा, तोही चमचा-चमचा करत.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा चालीकडे पाहूच नका. मांडीवर बोटाने ६ मात्रा मोजत पहिली दोन मिनिटं ठेका पकडा. दुसऱ्यांदा ऐकताना पेटी जवळ घ्या. सा पांढरी १. बासरी वरच्या सावर थांबते आणि मग नी-सा-रे-सा-नी-ध करून पुन्हा सावर येते, तिथून चाल पुढे पसरते. चाली दोनच आहेत. पहिली सरळ, शुद्ध स्वरांची. दुसरीत कोमल स्वर डोकावतात, ती जरा वाकडी चालते. पहिली दोनदा, दुसरी दोनदा, पुन्हा पहिली दोनदा, असा क्रम. दर वेळी चाल ८ आवर्तनं चालते, मग एक आवर्तन नुसता ठेका, आणि चाल दुसऱ्या वाद्याकडे जाते. साधारण पाऊण मिनिटाने वाद्य बदलतं.

तिसऱ्यांदा ऐकताना फक्त वाद्यं ओळखा. आधी बासरी, मग क्लॅरिनेट. दोन्ही तुमच्या कानाला नवीन नाहीत, क्लॅरिनेट तर प्रत्येक वरातीत असते. तिसरं 'बसून' नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य. हे एरवी खर्जातलं वाद्य, इथे त्याला मुद्दाम वरच्या पट्टीत चढवलं आहे, म्हणून आवाज थोडा ताणलेला लागतो. पुढे छोटी क्लॅरिनेट, मग ओबोच्या घराण्यातलं एक वाद्य. ओबोला सनईसारखी दुहेरी पाती असते, म्हणून त्याचा नाकातला सूर तुम्ही लगेच ओळखाल. त्यानंतर तोंडाला बूच लावलेला ट्रंपेट आणि सोबत बासरी, मग सॅक्सोफोन. अर्ध्या वाटेवर एका ठिकाणी पेटीचे वेगवेगळे स्टॉप ओढल्यासारखा अजब आवाज येईल. तो एका वाद्याचा नाही. हॉर्न (गोल वळवलेलं पितळी वाद्य), दोन छोट्या बासऱ्या आणि सेलेस्टा (पट्ट्या दाबून वाजवायचं, घंटीसारख्या आवाजाचं वाद्य) एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीवर तीच चाल वाजवत असतात. त्याच्या थोडं पुढे ट्रॉम्बोन सूर घसरवत येतो, बँडमधले मुरलेले वाजवणारे घसरवतात तसा.

आणि शेवटाकडे कान टवकारून बसा. १३-१४ मिनिटं सा पांढरी १ सोडत नाही. ऐकणाऱ्याला वाटायला लागतं की आता हा असाच संपणार. तेवढ्यात सगळा ऑर्केस्ट्रा एकदम उचलून पांढरी ३वर जातो. जेमतेम २० सेकंद तिथे राहतो, परत पांढरी १वर येतो आणि कोसळून संपतो. पेटीवर बोट ठेवून तो क्षण एकदा पकडा. सा हलणं म्हणजे काय, हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी जागा शोधून मिळणार नाही. पंधरा मिनिटं मोठी वाटली तर आधी नॉर्वेच्या ग्रीगच्या 'पेर ग्युंट'च्या पहिल्या सुइटमधला (सुइट म्हणजे छोट्या भागांची मालिका) शेवटचा भाग घ्या, 'माउंटन किंग'वाला. अडीच मिनिटांचा आहे. सा पांढरी ७ : सा रे ग म प ग प, गंधार कोमल. एकच चाल, खर्जात चोरपावलांनी सुरू होऊन शेवटी धावत सुटते.

आता त्या धडाम् बद्दल. बोलेरो हीच त्याची परीक्षा आहे. सुरुवातीचा ड्रम इतका हळू असतो की मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. माणूस आवाज वाढवत जातो आणि बाराव्या मिनिटाला कान धरून बसतो. सिनेगीतांचं रेकॉर्डिंग करताना हळू-मोठा हा फरक दाबून सपाट केलेला असतो, इथे तो मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणून उलटं करा. आधी कृतीच्या शेवटच्या दोन मिनिटांवर जा, तिथे कानाला सोसेल इतका आवाज ठेवा, मग मागे येऊन सुरुवातीपासून लावा आणि बटणाला हात लावू नका. सुरुवात अगदी बारीक लागेल, ती तशीच असायला हवी. त्यासाठी भोवती शांतता मात्र लागते. एप्रिल-मे मध्ये कूलर घरघरत असताना किंवा मोटरीच्या शेडमध्ये बसून ही कृती ऐकता येणार नाही. बांधाच्या पलीकडे जाऊन बसा, नाहीतर पहाटे घरी ऐका.

ब्लूटूथचा डबा स्पीकर यासाठी कुचकामी आहे. डबल बेसचा (ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या, खर्जाच्या तंतुवाद्याचा) सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तळहाताएवढ्या डब्यातून तो निघतच नाही. म्हणजे पायाच गायब, वर नुसत्या भिंती. कानात घट्ट बसणारे, रबरी टोपीचे, वायरचे साधे इयरफोन पुरतात. टोपीचे लहान-मोठे तीन जोड येतात, त्यातला नेमका बसणारा लावा. टोपी सैल असेल तर खर्ज गळतो आणि मग लोक इयरफोनला नावं ठेवतात. मोबाइलमधला बेस बूस्ट आणि इक्वलायझर बंद करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'स्टेबल व्हॉल्यूम' असतं, गाण्यांच्या ॲपमध्ये 'नॉर्मलाइज' आणि 'क्रॉसफेड' असतात, तीही बंद. पहिलं हळू-मोठ्याचा फरक मारतं, दुसरं वेगवेगळ्या भागांचे आवाज एका पातळीला आणू पाहतं, तिसरं एका भागाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढवतं.

मळ्यात मात्र दोन्ही कान बंद करून बसू नका. तुमच्या भागात बिबट्याची बातमी अधूनमधून येतेच, आणि मोटरीचा बदललेला आवाजही ऐकू यायला हवा. पण एकच इयरफोन लावला तर अर्धा ऑर्केस्ट्रा जातो, कारण रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि चेलो-डबल बेस ही खर्जाची तंतुवाद्यं उजवीकडे असतात. यावर उपाय मोबाइलमध्येच आहे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, तिथे 'मोनो ऑडिओ' चालू करा, दोन्हीकडचा आवाज एका कानात येईल. घरी दोन्ही कानांनी ऐकताना ते आठवणीने बंद करा.

बोलेरो पाठ झाला की, आणि त्याला आठवडा लागो की तीन आठवडे, पुढची कृती ड्व्होर्झाकच्या नवव्या सिंफनीची दुसरी मूव्हमेंट. मूव्हमेंट म्हणजे कृतीतला स्वतंत्र भाग, सिंफनीत त्या बहुधा चार असतात. या सिंफनीचं नाव 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड', पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर १८९३मध्ये झाला. जुन्या रेकॉर्डवर हिचा नंबर पाचवा छापलेला दिसेल, गोंधळू नका, कृती तीच. दुसऱ्या मूव्हमेंटला 'लार्गो' म्हणतात, म्हणजे अतिसंथ. वेळ १२ मिनिटांच्या आसपास. सिंफनी ई मायनरमध्ये, म्हणजे पांढरी ३ची. पण लार्गो काळी १वर आहे. एवढ्या लांब उडी कशी मारली? सुरुवातीला पितळी वाद्यांचे काही जड, संथ सूर-समूह येतात. ते पांढरी ३वर सुरू होतात आणि अर्ध्या मिनिटात तुम्हाला काळी १वर आणून सोडतात. नुसता रस्ता आहे तो, पण काय रस्ता आहे!

मग एक वाद्य एकटं गाऊ लागतं. त्याला इंग्लिश हॉर्न म्हणतात, पण ते हॉर्न नाही आणि इंग्लिशही नाही, ओबोचा मोठा भाऊ आहे. काळी १वर सा धरून वाजवा : ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. मध्यम नाही, निषाद नाही. भूपाचे स्वर झाले की हे! राग भूप नव्हे, भूपाचं चलन इथे कुणी पाळत नाही, पण तुमच्या बोटांना ती चाल पहिल्याच प्रयत्नात सापडेल. (ग्रीगच्या त्याच सुइटमधला 'मॉर्निंग मूड' पांढरी ३ वर वाजवून पाहा : प ग रे सा रे ग. तीच गोष्ट.) मध्ये गंधार कोमल होतो, वातावरण बदलतं, चाल हरवते. शेवटाकडे ती परत येते तेव्हा मोजकीच तंतुवाद्यं वाजवतात आणि मध्येच थांबतात, श्वास अडकल्यासारखी. पुन्हा सुरू होतात, पुन्हा थांबतात. पाठ नसलेल्याला ती शांतता म्हणजे नेट गेल्यासारखं वाटतं; पाठ असलेला मनात पुढचे स्वर म्हणून मोकळा होतो. शेवटचा सूर-समूह फक्त डबल बेसचा, अगदी हळू. इयरफोन नसेल तर कृती त्याआधीच संपली असं वाटेल.

तिसरी कृती नदीची. चेक संगीतकार स्मेटानाची 'व्लटावा', जर्मन नावाने 'मोल्दाऊ', १८७४ची, १२-१३ मिनिटांची. त्याला तेव्हा ऐकू येणं बंद झालेलं होतं. दोन झरे निघतात, पहिला बासऱ्यांचा, दुसरा क्लॅरिनेटचा, दोन्ही एकत्र येतात आणि नदीची चाल व्हायोलिनांवर सुरू होते. पांढरी ३ला सा धरा : मंद्रातला प, मग सा रे ग म प, गंधार कोमल. अनेर तापीला मिळते ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा चित्र समजावून सांगायला नको. काठावर शिकारीचे हॉर्न वाजतात, पुढे एका गावात लग्नाचा नाच चाललेला असतो, मग रात्र आणि चांदणं, मग खडकांवरून फुटणारा प्रवाह. प्राग शहराजवळ पात्र रुंद होतं तेव्हा तीच चाल येते, पण गंधार शुद्ध करून. तो मघाचा बोट सरकवण्याचा प्रयोग आठवा. १९९० साली राफाएल कुबेलिकने प्रागमध्ये चेक फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर ते घ्या.

आता बीथोव्हनची पाचवी सिंफनी. तुम्ही बीथोव्हनपासून सुरू केलंत म्हणून अडकलात, पण आता जमेल. सी मायनर, म्हणजे पांढरी १ आणि कोमल गंधार. प प प ग, म म म रे. हे आठ ठोके सगळ्या जगाला माहीत आहेत, पण ते समेवरून उठत नाहीत. आधी अर्धी मात्रा गप्प, मग तीन झटपट प, आणि लांब गंधार समेवर. तबल्यावर तुकडा अर्धी मात्रा सोडून उचलता तसं. पहिली मूव्हमेंट साडेसात मिनिटांच्या आसपास चालते. सुरुवातीच्या साधारण दीड मिनिटात सगळा ऐवज मांडून होतो. हॉर्न हाक देतात, सा काळी २वर जातो, व्हायोलिनं गोड चाल घेतात, पण खाली खर्जात ते चार ठोके कुरकुरत राहतात, तिकडे लक्ष द्या. तो सगळा दीड मिनिट जसाच्या तसा पुन्हा वाजवतात. चुकून मागे गेलं असं समजू नका, श्रोत्याला पाठ व्हावं म्हणूनच ती सोय आहे. मग मधला भाग येतो, तिथे चार ठोक्यांची मोडतोड होते, सा जागोजागी भटकतो. आणि घरी परतल्यावर लगेच, सगळे दणक्यात वाजवत असताना, अचानक ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा ओबो छोटा आलाप घेतो. आलाप म्हटलं तरी तो लिहिलेला आहे. इथे प्रत्येक स्वर लिहिलेला असतो, वाजवणाऱ्याच्या हाती फक्त लय, वजन आणि आवाजाचा पोत. म्हणून दोन कंडक्टरांची (समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांची) रेकॉर्डिंग वेगळी लागतात. १९७४ साली कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून केलेली पाचवी आधी ऐका, घोडा दामटल्यासारखी जाते.

पूर्ण सिंफनी ३३ ते ३५ मिनिटांची. तिसरी आणि चौथी मूव्हमेंट यांच्यात थांबा नाही. तिसरीच्या शेवटी सगळं विझत जातं, टिंपनी अंधारात सावर टकटक करत राहतात, वर व्हायोलिनं चाचपडतात, आणि मग एकदम शुद्ध गंधारासकट सगळे उसळतात. ट्रॉम्बोन इतका वेळ गप्प बसलेले असतात, ते इथे पहिल्यांदा तोंड उघडतात. नेमकी याच जागी सिमेंटची जाहिरात आली तर अर्ध्या तासाची कमाई पाण्यात. म्हणून जाहिराती न येणारं ॲप वापरा किंवा ऑफलाइन उतरवून ठेवा. ३२० केबीपीएस या चांगल्या दर्जाला मिनिटाला साधारण अडीच एमबी लागतात, म्हणजे पूर्ण सिंफनी ८५ एमबीच्या आत. ही सिंफनी आणि सहावी, दोन्ही व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ला एकाच कार्यक्रमात पहिल्यांदा वाजल्या. सहावीत चौथी मूव्हमेंट वादळाची आहे. वळीव येण्याआधी पत्रे थडथडतात त्या संध्याकाळी ती लावून पाहा.

शोधताना रोमन लिपीत टाइप करा आणि चार गोष्टी लिहा : संगीतकार, प्रकार, नंबर, ऑर्केस्ट्राचं नाव. मराठीत नुसतं 'ऑर्केस्ट्रा' लिहिलंत तर जत्रेतला सिनेगीतांचा कार्यक्रम येईल. फ्रँकफर्ट रेडिओ सिंफनीचं यूट्यूब चॅनेल सुरुवातीला चांगलं, पूर्ण कृती फुकट असतात आणि जे वाद्य वाजतंय त्यावर कॅमेरा जातो, त्यामुळे वाद्यं ओळखायला दोन आठवडे पुरतात. 'रिलॅक्सिंग', 'अभ्यासासाठी', 'झोपेसाठी' असं लिहिलेलं काहीही उघडू नका. पेटी आणि रेकॉर्डिंगचा सूर किंचित वेगळा लागला तर पेटी बिघडलेली नाही. तिकडचे अनेक ऑर्केस्ट्रा पांढरी ६ चा सूर ४४० हर्ट्झपेक्षा थोडा चढा लावतात. व्हिवाल्डी, बाख या जुन्या संगीतकारांच्या कृती जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे मात्र तो बहुधा ४१५ ला लावतात, म्हणजे पूर्ण एक पट्टी खाली. व्हिवाल्डीचा 'वसंत' पांढरी ३चा, पण अशा रेकॉर्डिंगसोबत काळी २वर सापडेल.

दिवसभर राबून रात्री ऐकताना झोप येणारच. संथ मूव्हमेंट रात्री लावू नका, बोलेरो आणि पाचवी रात्री, लार्गो सकाळी. एका बैठकीला २० मिनिटं पुरे. नंतर दुसरं काही न लावता ती चाल पेटीवर एकदा काढा. महलर आणि ब्रुकनर वर्षभर तरी बाजूला ठेवा, त्यांची एकेक सिंफनी तास-सव्वा तासाची असते आणि चाल परत येईपर्यंत नवखा माणूस ती विसरलेला असतो. घरात लहान मुलं असतील तर प्रोकोफिएव्हचं 'पीटर अँड द वुल्फ' लावा, त्यात पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट आणि लांडगा म्हणजे तीन हॉर्न.

या पाच-सहा कृती ओळखीच्या झाल्या की एकदा प्रत्यक्ष ऐकायला मुंबईला जा. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ साली सुरू झालेला. त्यांचे मोठे कार्यक्रम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. कार्यक्रमपत्रिका आधी पाहा, त्यातली मुख्य कृती महिनाभर ऐका आणि मगच तिकीट काढा. जळगावहून रात्रीच्या गाडीने जाऊन रात्रीच्याच गाडीने परत येता येतं. वेळेआधी १५ मिनिटं जागेवर बसा, कारण वादन सुरू झालं की दार बंद होतं. आधी ओबो एक लांब सूर देईल, पांढरी ६, आणि सगळे त्याला मिळवून घेतील. माइक नसतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या चॉकलेटचा कागदही वाजतो. आपल्याकडे दाद मध्येच दिली जाते, तिथे दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळी वाजवत नाहीत. भलेभले फसतात : चैकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीची तिसरी मूव्हमेंट इतक्या दणक्यात संपते की सभागृह टाळ्यांनी फुटतं, आणि खरा शेवट अजून पुढे असतो, दहा मिनिटं हळूहळू विझत जाणारा. कंडक्टरचे हात खाली येऊन तो वळेपर्यंत तुमचे हात मांडीवर ठेवा.